डाव्या चाकाची किरकिर

मित्रांनो, तुम्ही मला ओळखत नाही, आणि त्यात तुमची चूकही नाही. गाडी घेताना माणसं रंग बघतात, सीट दाबून बघतात, गाणी वाजतात का ते बघतात. "ॲव्हरेज किती देते?" हे तर विचारतातच. "थांबते कशी?" असं विचारणारा माणूस मी चौदा वर्षांत एकदाच पाहिला. त्याच्याबद्दल पुढं सांगतो.

मांडवगण फराटा या गावी मारुतरावांच्या दारात लिंबाखाली एक जुनी पांढरी गाडी उभी असते. तिच्या पुढच्या डाव्या चाकात मी राहतो. मी कॅलिपर. चाकाबरोबर डिस्क नावाची एक लोखंडी थाळी फिरते. तिच्या दोन्ही अंगांना माझे दोन पॅड असतात, एक आतला, एक बाहेरचा. तुम्ही ब्रेकवर पाय दिला की नळीतलं ब्रेकचं तेल दाबलं जातं, त्या दाबानं माझ्या पोटातला पिस्टन पुढं सरकतो आणि मी त्या दोन पॅडांमध्ये डिस्कला चिमटीत धरावं तसं धरतो. पॅड घासतात, झिजतात, गाडी थांबते. पॅडांचं कामच झिजायचं. त्यांना वेळेवर बदलायचं काम मात्र माणसाचं.

माझा जन्म एका ओतशाळेत झाला. लाल पाणी झालेलं लोखंड साच्यात ओतलं, थंड झाल्यावर मला यंत्रावर कोरलं, घासलं. शेवटी एका बाईनं मला हातात घेतलं, मापं घेतली, उजेडाकडं धरून पोटात वाकून बघितलं आणि माझ्या पाठीवर पिवळ्या रंगाचा एक ठिपका दिला. म्हणजे, हा चांगला आहे, जाऊ द्या. त्या बाईचं नाव मला माहीत नाही. पण तो ठिपका मी कित्येक वर्षं मिरवला.

माझे पहिले मालक दौंडला रेल्वेत नोकरीला होते. थांबते कशी, असं विचारणारा तो एकटा माणूस म्हणजे तेच. दर पावसाळ्याआधी ते चाकं उघडून घ्यायचे आणि स्वतः स्टुलावर बसून बघायचे. मिस्त्री कंटाळायचा. "साहेब, चालतंय की अजून," म्हणायचा. साहेब म्हणायचे, "चालतंय ते मला दिसतंय. थांबतंय का ते सांग." माझ्या ज्या दोन पिनांवर मी मागंपुढं सरकतो, त्यांना ते दरवर्षी नवं ग्रीस लावून घ्यायचे. त्या माणसाचे उपकार माझ्या अंगात आहेत. तसा पाया नसता, तर पुढची वर्षं मी काढली नसती.

साहेब निवृत्त झाले, गाडी विकली, आणि पृथ्वीराजनं ती मांडवगणला आणली. पृथ्वीराज हा मारुतरावांचा थोरला मुलगा. तो फौजेत. सुट्टीला यायचा, गाडी पुसायचा, परत जायचा. चार वर्षं माझं चाक कुणी उघडलं नाही. भीमाकाठची काळी माती ठाऊक आहे ना? ओली असताना मेणासारखी चिकटते आणि वाळली की विटेसारखी होते. उसाच्या ट्रॉल्यांनी रस्त्यावर सांडलेला सगळा चिखल माझ्याच अंगावर. माझ्या पिस्टनला धुळीपासून जपणारी एक रबरी टोपी असते. ती फाटली. पाणी आत गेलं, गंज धरला. पिना कोरड्या पडल्या आणि मी जागच्या जागी अडकलो. तरी मी थांबवत होतो. अर्ध्या ताकदीनं, पण थांबवत होतो.

मग ती गाडी अनिताच्या हातात आली. अनिता पृथ्वीराजची बायको, माहेर वरवंडचं. शिक्रापूरजवळच्या एका कारखान्यात तिला नोकरी लागली, माल तपासायची. हातात मापाची पट्टी घेऊन सुटे भाग मोजायचे, चांगला इकडं, वाईट तिकडं. कामावर जायचं तर दोन वडाप, म्हणजे माणसं कोंबून नेणाऱ्या जीपा, बदलायचे, आणि शिफ्टची वेळ काही वडापसाठी थांबत नाही. पृथ्वीराजनंच सुट्टीत तिला गाडी शिकवली. गावात एकच चर्चा, मारुतरावांची सून गाडी चालवते. पारावर बसलेले रिकामटेकडे तिची गाडी वळणावर गेली की पाय आखडून बसायचे, जणू ती पारावरच चढवणार आहे. यातल्या निम्म्यांनी स्वतः दारू पिऊन मोटारसायकली ओढ्यात घातलेल्या. पण ते कोण बोलणार?

अनिता चांगली चालवायची. हे मी सांगतो, आणि माझ्याइतकं कुणाला कळणार? ब्रेकवर ती पाय ठेवायची, आपटायची नाही. आधी ओळखून वेग कमी करायची. तिच्या पायाला अंदाज होता.

त्या साली श्रावणात माझा आतला पॅड फार झिजला. पॅडाला पत्र्याची एक छोटी जीभ असते. पॅड संपत आला की ती डिस्कला घासते आणि किर्रर आवाज करते. तो आवाज म्हणजे आमची बोंब. मला बदला, मी संपलोय. दुसरी भाषा आम्हाला दिलेलीच नाही.

मी महिनाभर बोंबललो. अनितानं ऐकलं. "आबा, डाव्या चाकातनं आवाज येतोय. शिरूरला दाखवून आणते."

मारुतराव ओसरीवर बसले होते. तरुणपणी त्यांनी बैलगाडीनं ऊस वाहिला होता, आणि गाडी म्हणलं की त्यांना बैलगाडीच आठवायची. ते म्हणाले, "शिरूरला कशाला? चाक कुरकुरतंय म्हंजी वंगण न्हाई. आमच्या येळंला आसाला वंगण घातलं की गप व्हायचं. सत्या, खंडेनवमीला गाडी धुशील तवा त्या चाकात त्याल सोड."

सत्यजीत त्यांचा धाकटा मुलगा. खंडेनवमी म्हणजे हत्यारं, अवजारं, वाहनं पुजायचा दिवस. त्या दिवशी त्यानं विळे घासले, कोयते पुसले, पाण्याची मोटर पुसली आणि गाडी न्हाऊ घातली. मग ट्रॅक्टरचं जळकं ऑइल कुप्पीत भरून चाकाच्या फटीतून माझ्यावर सोडलं. एकदा नाही, चांगलं दोन-तीनदा. डिस्कवर ओघळलं, पॅड प्यायले. उरलेल्या तेलाच्या फडक्यानं टायर पुसले. टायर शाळिग्रामासारखे काळेभोर झाले.

"बघा वहिनी," गाडी हात-दोन हात ढकलून तो म्हणाला, "आवाज बंद!"

आवाज बंद. वा! अरे, माझं तोंड दाबलंस तू. दुखणं होतं तिथंच होतं, फक्त ओरडणारा गप केला. हे माणसांना फार आवडतं, मित्रांनो. चाकाच्या बाबतीतच नाही, घरातल्या बायकांच्या बाबतीतही आवडतं. कुणी कुरकुरलं की त्याला गप करायचं आणि म्हणायचं, झालं, मिटलं.

दुसऱ्या दिवशी दसरा. बॉनेटवर हळदकुंकू, काचेवर झेंडूचा हार, चाकाखाली लिंबू. माझ्या वाट्याला लिंबाचा शिंतोडा. दुपारी अनिता गाडी घेऊन निघाली, वरवंडला माहेरी सोनं द्यायला. डॅशबोर्डवर आपट्याची पानं. शेजारी मारुतराव नव्या धोतरात, मागं सासूबाई साखरबाई.

भीमेच्या पुलाकडं उतार आहे. खाली वळणावर म्हस्कू आपली मेंढरं घेऊन रस्ता ओलांडत होता. म्हस्कूचे भाऊबंद कधीच शेतीला लागले. हा एकटा अजून पन्नासभर मेंढरं राखून आहे. अनितानं लांबूनच पाहिलं, ब्रेकवर पाय दिला. उजव्या चाकानं डिस्क धरली. मी तेलानं बरबटलेला. मीही धरली आणि ती माझ्या हातातून मासळीसारखी सुटली. आता एक बाजू धरते, दुसरी सोडते, तर गाडी जाणार कुठं? ती उजवीकडं ओढली गेली.

मी जिवाच्या आकांतानं धरत होतो. निसटत होतो. या आयुष्यात इतकी लाज मला कधी वाटली नाही.

अनितानं डोकं ठिकाणावर ठेवलं. समोरून कुणी येत नाही एवढं बघितलं आणि गाडी रस्त्यापलीकडच्या उसात घातली. ऊस कडकड मोडला, गाडी थांबली. मेंढरू एकही गेलं नाही. मारुतरावांचं कपाळ मात्र समोर आपटलं आणि लिंबाएवढं टेंगूळ आलं.

म्हस्कू धावत आला. "आरं मारुतराव, सोनं वाटाया निघालास का माझी मेंढरं कापाया?"

मारुतराव कपाळ धरून उतरले. गर्दी जमलीच. सगळ्यांच्या देखत ते म्हणाले, "बाईच्या हातात गाडी दिली, ही माझी चूक. आन ती किल्ली हिकडं."

"आबा, मी ब्रेक दाबला होता. गाडी ओढली गेली."

"गाडी काय बैल हाय व्हय, आपल्या मनानं जायाला?"

कुणी हसलं. सत्यजीत तिथंच उभा होता, मोटारसायकलवरून मागून आला होता. तो मोडलेला ऊस बाजूला करत राहिला. किल्ली मारुतरावांच्या कोपरीच्या खिशात गेली. गाडी ट्रॅक्टरनं ओढत परत आणली. सोनं वरवंडला पोचलंच नाही.

दुसऱ्या दिवसापासून अनिता पहाटे वडाप धरू लागली. आठवड्यात दोनदा शिफ्टला उशीर झाला. तिसऱ्या उशिराला कामावरून कमी करणार, असं सुपरवायझरनं सांगितलं. घरात ती हे एकदाच बोलली. मारुतराव म्हणाले, "मग घरी बस. कुणाचं काय अडलंय?"

रविवारी सकाळी, मारुतराव मळ्यात गेलेले असताना, अनितानं जॅक काढला.

मित्रांनो, माझं चाक चार वर्षांनी उघडलं. उजेड आत आला आणि माझी मलाच किळस आली. माती, गंज, काळं तेल. अनितानं दोन बोल्ट सोडले, मला डिस्कवरून उचललं, दोन्ही पॅड काढून फरशीवर शेजारी शेजारी ठेवले. मग पर्समधली मापाची पट्टी काढली. कारखान्यात रोज मापं घेणारा हात तो. बाहेरचा पॅड सात मिलिमीटर. आतला पावणेदोन.

तिनं दोन्ही पॅड उलटून पाहिले. मग बोटानं पॅड पुसला. बोट काळं झालं. वास घेतला आणि हाक मारली, "भावजी! इकडं या."

सत्यजीत आला, पॅड बघितला आणि मान खाली घातली. "वहिनी, आबा म्हणले म्हणून सोडलं. मला वाटलं वंगणच पायजे."

"मग उसात गाडी गेली तवा तोंडात काय होतं?"

"आबांपुढं..." एवढंच बोलला तो.

साखरबाई दारातून सगळं ऐकत होत्या. त्या पायरी उतरल्या, सत्यजीतच्या पाठीत एक धपाटा घातला आणि सुनेला म्हणाल्या, "आता हे नीट कसं करायचं ते सांग. मी हाय."

अनितानं शिरूरला सुट्या भागांचं दुकान चालवणाऱ्या विनोदला फोन लावला. फटकळ माणूस. फोन स्पीकरवर होता. "ताई, तेल प्यालेला पॅड धुऊन चालत नाही. चुलीत घाला. दोन्ही बाजूंचे नवे घ्या, एकाच बाजूचा बदललात तर परत उसात जाल. पिस्टनच्या रबरी सीलचं किट देतो, पिनांचं वेगळं ग्रीस देतो. आणि ऐका, सीलला रॉकेल, डिझेल, खोबरेल, काही लावायचं नाही. रबर फुगतं. आणि पिस्टनवर जिथं सील बसतं तिथं खड्डा लागला तर खेळ बंद, नवा पिस्टन. मला विचारल्याशिवाय गाडी रस्त्यावर काढू नका." सत्यजीत न सांगता मोटारसायकल काढून शिरूरला गेला आणि सगळं घेऊन आला.

आता माझा पिस्टन बाहेर काढायचा होता. तो गंजून बसलेला. अनितानं माझ्या जबड्यात लाकडाचा एक तुकडा दिला, खाली पातेलं ठेवलं आणि म्हणाली, "आत्या, गाडीत बसा. मी म्हणीन तवा मधलं पायडल दाबायचं."

साखरबाई उभ्या आयुष्यात ड्रायव्हरच्या जागेवर बसल्या नव्हत्या. पदर खोचून बसल्या. स्टीअरिंग घट्ट धरलं, जणू गाडी उडणारच.

"दाबा."

"दाबलं गं. खाली जातच न्हाई."

"अजून दाबा, आत्या."

"आगं, पोरं जन्मताना एवढा जोर लावला न्हाई मी!"

आणि टक्! चार वर्षांचा अडकलेला पिस्टन सुटला. काय सांगू! दाराला बाहेरून कडी घातलेल्या माणसाला कुणी कडी काढून द्यावी, तसं झालं मला. पातेल्यात सांडलेलं ब्रेकचं तेल काढ्यासारखं काळं होतं.

मग माझी अंघोळ झाली. तारेच्या ब्रशनं बाहेरचा गंज खरवडला. आतून मात्र अनितानं मला नव्या ब्रेकच्या तेलानं, मऊ फडक्यानं पुसलं, तान्ह्या बाळाचे कान पुसावेत तसं. पिस्टन बारीक पॉलिश पेपरनं, ओला करून, हळूहळू घासला. डोळे मिटून नख फिरवलं. सील बसतं तिथं गुळगुळीत, गंजाचे खड्डे फक्त कडेला. फोटो विनोदला पाठवला. "बसवा," त्यानं कळवलं. नवं सील, नवी रबरी टोपी, पिनांना ग्रीस. बोटानं ढकललं की मी सरकू लागलो. डिस्क धुतली. उजव्या बाजूच्या माझ्या भावालाही तिनं उघडून बघितलं आणि नवे पॅड दिले. मग परत साखरबाई पायडलवर. दाबा, धरा, सोडा, दाबा, धरा, सोडा. नळीतून हवेचे बुडबुडे निघून स्वच्छ तेल येईपर्यंत. आता त्या तरबेज झाल्या होत्या. "झालं का? का अजून दाबू?" म्हणून वर विचारत होत्या.

एवढ्यात मारुतराव मळ्यातून आले. अंगणात चाक, पातेलं, चिंध्या, आणि बायको गाडीत बसलेली. "ह्यो काय तमाशा?"

अनितानं जुने दोन पॅड त्यांच्या हातात दिले. त्यांनी अंगठा फिरवला. एक जाड, एक साबणाच्या झिजल्या तुकड्यासारखा. मग अंगठ्याकडं बघितलं. काळं तेल. कपाळावरचं टेंगूळ अजून पिवळं होतं.

"आबा," अनिता म्हणाली, "आसाला तेल लागतं, कारण आस फिरायचा असतो. हा धरायचा असतो. ज्यानं धरायचं त्याला तेल घातलं तर तो कसा धरील?"

मारुतरावांनी अंगठा धोतराला पुसला. साखरबाईच बोलल्या, "किल्ली द्या."

"देतो. पण त्याच उतारावर थांबवून दाखवायची. मी शेजारी बसणार. न्हाई थांबली तर किल्ली इसरायची."

"चालेल," अनिता म्हणाली.

चाक चढवायच्या आधी मारुतराव घरात गेले आणि हळदकुंकवाचं तबक घेऊन आले. दसऱ्याला माझी पूजा राहून गेली, हे त्यांना तेव्हा सुचलं. गुडघे कटकट वाजवत ते खाली वाकले. अनिता ओरडली, "आबा, थाळीला लावू नका! पाठीवर लावा. एकच बोट." आणि त्या म्हाताऱ्या बोटानं माझ्या पाठीवर पिवळा ठिपका लागला. बरोबर त्याच जागी, जिथं चौदा वर्षांपूर्वी त्या बाईनं दिला होता.

अनितानं आधी मळ्याच्या सपाट रस्त्यावर हळूहळू दहा-बारा वेळा थांबवून नवे पॅड डिस्कशी जुळवून घेतले. मग उतार. खाली म्हस्कू उभा होता. मारुतराव काचेतून ओरडले, "म्हस्कू, बाजूला हो. परीक्षा हाय."

"परीक्षा हाय तर तूच उभा ऱ्हा की मदी! सुनंवर इस्वास न्हाई व्हय?"

"कुणी उभं राहायचं नाही," अनिता म्हणाली. "म्हस्कूमामा, तुमचं घोंगडं टाका रस्त्यावर आणि तुम्ही लांब व्हा."

म्हस्कूनं घोंगडं अंथरलं, कुरकुरतच. गाडी उतारावर सुटली. मारुतरावांनी आपला पाय तळाशी असा रोवला, जणू ब्रेक त्यांच्याकडंच आहे. अनितानं पाय दिला. उजव्या भावानं धरलं. मी धरलं. दोघांनी सारखं. पॅड तापले, हळद करपली, मी सोडलं नाही. गाडी दोरीत धरल्यासारखी सरळ आली आणि घोंगड्याच्या दोन हात अलीकडं उभी राहिली. स्टीअरिंग अनितानं दोन बोटांत धरलं होतं.

मारुतराव उतरले नाहीत. किल्लीला हातही लावला नाही. डॅशबोर्डवरची आपट्याची पानं वाळून करपट झाली होती, ती त्यांनी गोळा केली, एकेक, तुटू न देता. म्हणाले, "चल."

"कुठं, आबा?"

"वरवंडला. सोनं द्यायचं ऱ्हायलंय."

भीमेचा पूल ओलांडून आम्ही वरवंडला गेलो. अनिताचे वडील ज्योतिबा दारात आले. मारुतरावांनी त्यांच्या हातात वाळकी पानं दिली आणि चारचौघांत बोलावं तसं मोठ्यानं बोलले, "उशीर झाला, पाव्हणं. चाकात त्याल मी घालाया लावलं, आन बोल तुमच्या पोरीला लावला. गाडी ती नीट चालवती. नीट करती बी."

अनितानं डोळ्याला पदर लावला नाही. ती बॉनेटला टेकून उभी राहिली आणि हसली.

आता ती रोज शिक्रापूरला जाते. दर पावसाळ्याआधी चाकं उघडते. साखरबाई पायडल दाबतात आणि मारुतराव शेजारी स्टुलावर बसून "थांबतंय का ते बघ" म्हणतात. दौंडच्या साहेबांची आठवण येते मला.

मित्रांनो, मी भाग्यवान लोखंड आहे. माझ्यासारखे कितीतरी जण तोंड दाबून भंगारात गेले, आणि काही तर माणसं बरोबर घेऊन गेले. त्या ओतशाळेतल्या बाईचा, साहेबांचा, अनिताचा, साखरबाईंच्या उजव्या पायाचा मी ऋणी आहे. तुमच्या दारात गाडी असेल, तर चाकातून किर्रर ऐकू आल्यावर गाण्याचा आवाज वाढवू नका. जाणत्या माणसाकडून चाक उघडून घ्या. आत कुणीतरी तुम्हाला वाचवायला झिजतोय. त्याची बोंब ऐका.